चार ते पाच, कापणी ते पेरणी

घरत सर मॅच बघायला आले की मैदानाकडे पाठ करून बसायचे.

त्यांची एक घडीची लोखंडी खुर्ची होती, निळा रंग जागोजागी उडालेली. स्कूटरवर पायाशी आडवी ठेवून ते ती आणत. तंबूत पाहुण्यांसाठी सोफे मांडलेले असत, पण सर आपली खुर्ची सीमारेषेच्या चुन्याला लागून उघडत आणि तोंड बांधावरच्या प्रेक्षकांकडे करून बसत. मागे कुणी षटकार मारला की बांधावरच्या सगळ्या माना एकदम वर जात, आणि सर त्या वर गेलेल्या मानांकडे बघत राहत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चेंडू कुठं गेला ते यांच्या तोंडावर दिसतंय की. पण यांची तोंडं चेंडूवर दिसत नाहीत."

सर गेले त्याला एक पावसाळा झाला. दुपारचे चार वाजले की अजूनही मला ती खुर्ची दिसते. तिच्यामागे उन्हात थरथरणारं शेत, त्यामागे खाडी, आणि हवा स्वच्छ असली तर खूप लांब कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका.

ते पनवेलच्या कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवत. गाव मात्र आमचंच, गव्हाणच्या अलीकडचं. माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेजात कुणाशी काय बोलावं हेच मला कळत नसे. सर वर्गात मला पूर्ण नावानं हाक मारत आणि गावात "बाय" म्हणत. कॉलेजच्या गेटच्या आत त्यांची भाषा पुस्तकासारखी असे. स्कूटर गावच्या वळणाला लागली की तेच सर "काय गो बाय, जेवलीस का नाय?" असं विचारत. दोन्ही बोलणी त्यांच्या तोंडी सारखीच खरी वाटत. मला त्यामुळे फार धीर आला. आपली भाषा गेटबाहेर ठेवून यावी लागत नाही, ती फक्त खिशात ठेवायची, असं मला तेव्हा वाटलं.

आमच्या गावात एक रीत आहे. भाताची कापणी झाली की शेवटची पेंढी शेताच्या कोपऱ्यात उभी करायची. घरच्या बाईनं तिच्यासमोर नारळ फोडायचा आणि म्हणायचं, "शेत मोकलं." त्या क्षणापासून ते शेत साऱ्या गावाचं. कुणीही यावं, खेळावं, झोपावं, मंडप घालावा. मालकाला विचारायचं नाही, भाडं द्यायचं नाही. पुढल्या पेरणीला मालकानं नांगर घातला की शेत परत त्याचं. आमच्याकडच्या क्रिकेटच्या स्पर्धा, कबड्डी, फुटबॉल, सगळं या मोकळ्या शेतांवर वाढलं. पण एकेक शेत रस्त्यात गेलं, गोदामात गेलं, टॉवरमध्ये गेलं, आणि शेवटी सरांचं चिंचेचं शेत एवढंच उरलं. ते सरांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, बाळारामकाकांचं, सामाईक होतं. ते राहतं की जातं, ही सरांची एकुलती एक काळजी. बाकी कशाची काळजी करताना मी त्यांना पाहिलं नाही. स्कूटरचं पेट्रोल संपलं तरी ते ती ढकलत, गुणगुणत जात.

पहिल्या तासाला त्यांनी खिशातून मूठभर भात काढून टेबलावर ठेवलं.

"हे कुणी पिकवलं?"

"शेतकऱ्यानं," आम्ही म्हणालो.

"मेहनत किती?"

"खूप."

"मग युरोपातला एक फुटबॉलपटू आठवड्यात कमावतो ते आपला शेतकरी सात जन्मांत का कमावत नाही? तो जास्त घाम गाळतो म्हणून?"

कुणी नशीब म्हणालं, कुणी अन्याय म्हणालं. सरांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, पुसले नाहीत. मग म्हणाले, "ही मूठ एकाच्याच पोटात जाते. गोल एकाच वेळी कोटी माणसं खातात आणि तरी तो ताटात तसाच उरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढता येतो. फरक एवढाच आहे. बरा की वाईट, ते तुम्ही ठरवा."

पुढे मोठ्या पुस्तकांत मी हेच कठीण शब्दांत वाचलं. पण माझ्या डोळ्यांसमोर कायम ती मूठच येते. तास संपल्यावर सरांनी दाणा न् दाणा वेचून परत खिशात टाकला होता.

त्यांचं एक पालुपद होतं. कुठलाही मोठा खर्च दिसला, स्टेडियम, लीग, गावची स्पर्धा, की ते म्हणत, "इथं काहीतरी फुकट आहे. ते शोधा." त्यांचं म्हणणं असं, की खेळाच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला किंमत लावतात, जर्सीच्या बाहीलासुद्धा. तरी सगळा डोलारा कुठल्यातरी एका फुकटच्या गोष्टीवर उभा असतो, आणि ती बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या पाठीमागे असते.

तिसऱ्या वर्षाला त्यांनी मला प्रकल्प दिला: आपल्या गावच्या क्रिकेट स्पर्धेत कुणाला काय मिळतं. मी चार दिवस वही घेऊन फिरले. बक्षीस, चषक, समालोचक, मोबाईलवर मॅच दाखवणारी पोरं, मंडपवाला, बर्फाचा गोळा, सगळं लिहिलं. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "अकरा संघ तीन दिवस जेवले. कुणी रांधलं?"

रांधणाऱ्यांत माझी आई होती. गावातल्या बावीस बायका तीन दिवस चुलीपुढे होत्या आणि माझ्या वहीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

"आईला विचार," सर म्हणाले, "तिला मॅच किती बघायला मिळाली."

घरी जाऊन मी विचारलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, "एक बॉल बघला. तो आमच्या चुलीत परला."

मी हे सांगितलं तेव्हा सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग वहीच्या शेवटच्या पानावर आईचं ते वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली गुण दिले. ती वही माझ्याकडे आहे.

एकदा ते आम्हा पाच जणांना नवी मुंबईत व्यावसायिक फुटबॉलची मॅच बघायला घेऊन गेले. तिकिटं त्यांचीच. मॅच संध्याकाळची, पण सरांनी आम्हाला दुपारी तीनलाच तिथं उभं केलं. गवतावर पाणी मारणारी माणसं, खुर्च्या पुसणाऱ्या बायका, शिट्ट्या विकणारा म्हातारा, कंटाळलेले पोलीस, हे सगळं बघत आम्ही हिंडलो. "ही मॅच इथं नसती तर आज यांतलं कोण कुठं असतं?" एवढंच ते मधूनमधून विचारत. मग दिवे लागले. इतकं हिरवं मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं. वाटलं, मैदान जमिनीपासून थोडं वर उचललं गेलंय आणि आम्ही त्याच्या काठावर पाय सोडून बसलोय. अर्धा खेळ आम्ही सरांसारखं मैदानाकडे पाठ करून बघितला. मागच्या रांगेतला एक माणूस वैतागून म्हणाला, "अहो, मॅच तिकडे आहे." सर म्हणाले, "असू दे. पळून नाही जात."

परतताना बसमध्ये ते फुटबॉलबद्दल बोलत राहिले. युरोपात बऱ्याच देशांत तळाच्या संघांना पुढच्या वर्षी खालच्या वर्गात ढकलतात, म्हणून तिथं शेवटच्या दोन संघांची मॅचसुद्धा लोक श्वास रोखून बघतात. "भीतीचंही तिकीट निघतं बघा," ते म्हणाले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगताना त्यांचा आवाज हळू झाला. तिकडे खेळाडू मोठ्या किमतीला दुसऱ्या क्लबात गेला, की तो लहानपणी जिथं शिकला त्या छोट्या क्लबला त्या किमतीतला एक लहान तुकडा मिळतो. "म्हणजे बालपणाचा वाटा," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कळंबोलीच्या ट्रकांची रांग होती. मला वाटलं ते झोपले, पण ते जागे होते.

तो वाटा त्यांच्या डोक्यात राहिला. त्या वर्षी आमच्या भागातल्या क्रिकेट लीगचा लिलाव एका मंगल कार्यालयात झाला. जमिनीचे पैसे आलेले शेठ लोक संघमालक, एकेका टेबलाशी बसून खेळाडूंवर बोली लावत. आमच्या गावचा नितेश, बंदराकडच्या कंटेनर यार्डात नोकरी करणारा, डावखुरा, त्या दिवशी एका मोटारसायकलच्या किमतीला गेला. घेणारे होते शेजारच्या गावचे धनाजीशेठ. सरांना पाहुणे म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी बालपणाच्या वाट्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "आपणही प्रत्येक बोलीतला एक तुकडा बाजूला काढू या. पोर ज्या शेतात शिकलं त्या शेतासाठी."

मग धनाजीशेठ उठले. "सर, तुमचा ऐकला असता. पन शेताचा खाता कंच्या बँकेत हाय?"

सगळं कार्यालय हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ज्याचा शेत हायवेखाली गेला त्यानं काय हायवेला पैसे द्याचे?"

"हायवेला नको," सर म्हणाले. "त्याला टोल मिळतो."

आता सरांसह सगळेच हसले आणि विषय तिथंच संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नितेश चुन्याची एक गोण खांद्यावर घेऊन चिंचेच्या शेतात आला. बांधावर ती टेकवून म्हणाला, "सर, शेताचा वाटा." सरांनी त्या चुन्यानं स्वतः रेषा आखली. वाकडी आली. कुणी दुरुस्त केली नाही.

सर निवृत्त झाले आणि बाळारामकाकांनी विषय काढला. त्यांच्या दोन मुलींची लग्नं होती, घर अर्धं बांधून पडलं होतं, आणि धनाजीशेठना तिथं जाळीबंद टर्फ करायचं होतं, तासाच्या भाड्यानं. बाळारामकाका वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "दादा, तुला पेन्शन हाय. मना काय हाय? गावाला फुकट खेलवून मी काय खाऊ?"

प्रश्न बरोबर होता. इतकी वर्षं जी फुकट गोष्ट ते शोधायला सांगत होते, तिचे पैसे आपला भाऊ भरत होता, हे त्यांना त्या दिवशी दिसलं असावं. ते तयार झाले. जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची. स्वतःच्या भाड्यातलाही मोठा भाग त्यांनी सोडला, आणि बदल्यात एकच अट घातली. करारात त्यांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली: रोज दुपारी चार ते पाच, कापणीपासून पेरणीपर्यंत, शेत गावाला मोकळं राहील.

धनाजीशेठनी हसत सही केली. उन्हातला तो तास कुणीच घेत नसतो. सरांनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तोच मागितला होता. बाळारामकाका घरी येऊन म्हणाले, "दादा, जल्मभर पोरांना भाव शिकवलास, आन् तुला भाव कराला नाय आला."

हिरवं प्लास्टिकचं गवत आलं, जाळी आली, खांब आले. दिवाळी झाल्यावर एका दुपारी सर गावातली पोरं घेऊन चार वाजता फाटकाशी गेले. मी तेव्हा एका ज्युनियर कॉलेजात शिकवू लागले होते आणि सुट्टीला घरी होते, म्हणून बरोबर गेले. फाटक बंद. आत कुठल्याशा कंपनीची माणसं खेळत होती. आजूबाजूला ऑफिसं आली होती, पाळी सुटायची वेळ चारची होती, आणि त्या कंपनीनं पूर्ण हंगामाचा चारचा तास घेतला होता. धनाजीशेठ खुर्ची मागे सारून बाहेर आले. थोडे ओशाळले होते.

"सर, कराराप्रमानंच हाय. कापणीपासून, असा लिवलाय. कापणी कुठं झाली?"

सरांनी जाळीतून आत पाहिलं. तिथं कापण्यासारखं काही नव्हतं आणि पुढे कधी उगवणारही नव्हतं. आमच्याकडे वर्ष असंच मोजतात, कापणी ते पेरणी. हात आपोआप तेच लिहून गेला होता. ज्या शेतावर भातच राहणार नाही त्याच्या करारात कापणी लिहिली गेली, हे सरांच्या, वकिलाच्या, आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि ज्या तासाला ते बिनभावाचा समजले त्याला भाव आला होता.

सर भांडले नाहीत. पोरांना म्हणाले, "चला, आज चिंचा पाडू." त्या वर्षी गावातली पोरं रस्त्याच्या कडेला, टॉवरच्या पार्किंगमध्ये, जिथं हाकलतील तिथून पुढे, अशी खेळत राहिली. सर घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. तिथंही रस्त्याकडे पाठ करून. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "मी परीक्षेला बसलो असतो तर मला नापास केलं असतंस ना, बाय?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "करायला पाहिजे होतंस."

तोड काढली सुनंदाकाकींनी, सरांच्या पत्नीनं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "त्यांना कापणीच पायजे ना? मंग लावा भात."

"कुठं लावू? माझ्या डोक्यावर?"

"जाली कुठवर हाय, आन् बांध कुठवर?"

सर ताडकन उठले आणि करार काढला. भाड्यानं दिली होती ती जाळीच्या आतली जमीन. जाळी आणि बांध यांच्यामध्ये दोन हात रुंदीची पट्टी उरली होती, शेताच्या एका अंगाला. कागदावर ती त्याच शेताचा भाग होती आणि अजून दोघा भावांच्याच ताब्यात होती; तिथं कापणी झाली की शेताची कापणी झाली.

पुढच्या पावसाळ्यात सर आणि काकींनी त्या पट्टीत भाताच्या रोपांचं आवण लावलं. ये-जा करणारे हसत. टर्फवरून चेंडू उडून रोपांत पडे, सर तो पुसून परत देत. धनाजीशेठ रोज बघत होते. त्यांनाही भाताचं कळत होतं, त्यांचीही शेतं होती एके काळी. त्यांनी अडवलं नाही. फक्त टर्फ धुतल्याचं पाणी त्या बाजूला सोडू नका, असं त्यांनी मॅनेजरला बजावलं, हे मला नंतर नितेशनं सांगितलं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या कापणीला.

दिवाळीच्या आधीची दुपार होती. खाडीवरून खारट वारा येत होता, आणि जाळीच्या हिरव्याला लागून ती सोनेरी पट्टी हळूहळू हलत होती, जणू कुणीतरी शेताचा काठ तेवढा परत आणून ठेवला आहे. सर वर्गात घालत तोच पांढरा शर्ट खोचून, पँट पोटरीपर्यंत दुमडून, विळा घेऊन वाकले होते. बघायला गावातली इतकी माणसं बांधावर जमलेली, आणि विळ्याची करकर तेवढी ऐकू येत होती. अर्ध्या तासात काम संपलं. सगळी मिळून एकच पेंढी झाली. सरांनी ती कोपऱ्यात उभी केली. ती पडली, मग नितेशनं जाळीच्या खांबाला टेकवून ठेवली.

काकी नारळ विसरल्या होत्या. कुणीतरी घराकडे धावणार, एवढ्यात धनाजीशेठ फाटकातून बाहेर आले. त्यांच्या हातात नारळ होता.

"कंपनीला सांगलाय," ते सरांकडे न बघता म्हणाले. "पाचनंतर या, म्हनून."

काकींनी नारळ फोडला, पाणी पेंढीवर शिंपडलं आणि म्हणाल्या, "शेत मोकलं."

घड्याळात चारला पाच कमी होते. धनाजीशेठनी फाटक उघडलं. आधी पोरं धावली, मग नितेश आणि त्याचे मित्र, मग दोन-तीन मुली. मग काकींनी पदर खोचला आणि त्याही आत गेल्या, त्यांच्यामागे शेजारच्या बाया. आणि मी बघतच राहिले, माझी आई चप्पल बाहेर काढून त्या प्लास्टिकच्या गवतावर पाय टाकत होती, देवळात टाकावा तसा. कुणीतरी तिच्याकडे फुटबॉल ढकलला.

सरांनी हात धुतले, खुर्ची आणली आणि नेहमीप्रमाणे मैदानाकडे पाठ करून उघडली. बसले. समोर बांध होता. बांधावर कुणीच नव्हतं. मीसुद्धा तोवर फाटकापर्यंत गेले होते. सर थोडा वेळ त्या रिकाम्या बांधाकडे बघत राहिले. मग उठले, खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली.